हिरोची आई हिरोपेक्षा पाच वर्षांनी लहान

कावेरी_एम (धागाकर्ती)

'जॉनी मेरा नाम'मध्ये देव आनंदची आई कोण आहे, आठवतंय? आपल्या सुलोचनादीदी. चित्रपट १९७०चा. देव आनंदचा जन्म १९२३चा, दीदींचा १९२८चा. म्हणजे लेक ४७चा आणि आई ४२ची. लेकाची नायिका हेमामालिनी, ती २२ची. दीदींचा 'वहिनीच्या बांगड्या' येऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षं झाली होती.

एवढं एकच उदाहरण असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण एकदा जन्मसालं बघायची खोड लागली की सुटत नाही. वहिदा रहमान १९७६च्या 'कभी कभी'त अमिताभची बायको आणि १९७८च्या 'त्रिशूल'मध्ये त्याची आई. दोन वर्षांत! राखीनं तर कमालच केली. १९८२ साली 'बेमिसाल'मध्ये ती त्याची नायिका होती आणि त्याच साली 'शक्ती'त त्याची आई. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये आई झाल्या आपल्या रोहिणी हट्टंगडी, तेव्हा चाळिशीही न गाठलेल्या. मुलगा अमिताभ ४७चा. बाफ्टा मिळवलेली अभिनेत्री, पण पदरात पडलं काय, तर पांढरी पातळं आणि खोकला.

नर्गिसचं उदाहरण मी मुद्दाम धरत नाहीये. ती आणि सुनील दत्त दोघांचाही जन्म जून १९२९चा, हे खरं आहे. पण ती ज्यात त्याची आई झाली त्या 'मदर इंडिया'ची गोष्टच एका बाईच्या तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची आहे. तिथे ते शोभतं.

जुना काळ होता म्हणाल, तर २०२५चा 'सिकंदर' घ्या. सलमान खान १९६५चा, त्याची नायिका रश्मिका १९९६ची.

हे सगळं आपल्याला माहीतच आहे. मला बोलायचंय ते याच्या पुढचं. फेब्रुवारी २०२३मध्ये झीनत अमान इन्स्टाग्रामवर आल्या. वय ७१, केस चंदेरी, आणि लिहितात फार छान. सगळीकडे कौतुक झालं, मीही केलं. मग आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरायला लागला, खाली 'मैत्रिणींनो, यांच्याकडून शिका'. काय शिकू? उंची, गालांची हाडं आणि ती जिवणी कुठून आणू?

पांढऱ्या केसांचं कौतुक कुणाकुणाचं होतं ते बघा. वहिदाजी, झीनत अमान, रत्ना पाठक शहा. सगळ्या तरुणपणी ज्यांच्याकडे लोक वळून बघत त्यातल्या. पन्नाशीनंतर तरी सुंदर दिसण्यातून सुटका होईल असं मला वाटत होतं. आता सुंदर म्हातारं दिसायचंय! गुडघा धरून स्टेशनचा जिना चढणारी, पोट सुटलेली, पांढऱ्या केसांची बाई कुणालाही ग्रेसफुल वाटत नाही. तिच्याबद्दल म्हणतात, 'स्वतःकडे अजिबात लक्ष देत नाही.'

तुम्हाला काय वाटतं? अनुभवही लिहा. 'मनाचं सौंदर्य महत्त्वाचं' हे वाक्य कृपया नको.

जाईजुई

+१०० त्या शेवटच्या वाक्याला.

मी मागच्या वर्षी डाय बंद केला. ऑफिसात पहिले काही आठवडे 'बरी आहेस ना?', 'घरी सगळं ठीक?' सुरू होतं. एकीनं तर बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'कुणी गेलं का गं?' आमच्या साहेबांचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत, पण त्यांना कुणी हळदीचं दूध सुचवत नाही.

टवाळ_बंड्या

रुमाल टाकून ठेवतो. शंभर प्रतिसाद नक्की. कोणीतरी पॉपकॉर्न आणा.

तासगावचा_बेदाणा

आयडीवरून ओळखलं असेलच की सुरकुत्यांबद्दल बोलायचा मला अधिकार आहे.

पण ताई, थोडी पुरुषांचीही बाजू घ्या. टकलावरचे विनोद काय कमी आहेत? माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा मुलीकडच्यांनी फोटो बघून 'मुलगा बिजवर आहे का' विचारलं होतं. आणि सिनेमातलंच म्हणाल तर रजनीकांत बघा. पडद्याबाहेर टक्कल, पांढरी दाढी, साधी लुंगी, काही लपवाछपवी नाही. म्हणजे जमतं की.

कावेरी_एम

बेदाणाशेठ, रजनीकांत आणलात हे फार बरं केलंत. तो माणूस टक्कल घेऊन राजरोस फिरतो आणि दुसऱ्या दिवशी विग चढवून हिरो होतो. लोक दोन्हीवर शिट्ट्या मारतात. २०२३च्या 'जेलर'मध्ये तर आजोबाच झाले. पण बायको कोण? रम्या कृष्णन, वीस वर्षांनी लहान. नायिकेनं असं विरळ केसांत विमानतळावर फिरून दाखवावं आणि पुढच्या महिन्यात प्रेमगीत मिळवावं. एक नाव सांगा.

बिजवराबद्दल सहानुभूती आहे. खरंच.

सिनेमावेडी_७०

म्हणूनच काही जणी चक्क दिसेनाशा झाल्या. सुचित्रा सेन १९७८नंतर लोकांसमोर आल्या नाहीत ते २०१४ला जाईपर्यंत. फाळके पुरस्कार घ्यायला दिल्लीला यावं लागेल म्हणून त्यांनी तोही नाकारला. लोक याला गूढ वगैरे म्हणतात. मला तो स्वच्छ हिशेब वाटतो. लोकांना जो चेहरा हवा होता तोच त्यांच्यापाशी ठेवायचा, दुसरा दाखवायचाच नाही.

साधनाचं जास्त लागतं मनाला. कपाळ रुंद म्हणून बटा कापल्या आणि अख्ख्या देशातल्या मुली 'साधना कट' करून आल्या. पुढे थायरॉइडच्या आजाराचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि ती फोटो टाळू लागली. २०१४ साली एका मदतीच्या कार्यक्रमासाठी गुलाबी साडी नेसून रणबीर कपूरबरोबर रॅम्पवर चालली. पुढच्याच वर्षी गेली.

आणि आपल्या येवल्याच्या ललिताबाई पवार! १९४२ साली चित्रीकरणात थप्पड इतकी जोरात बसली की चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. तेव्हा वय पंचविशीच्या आसपास. नायिकापद संपलं. त्या डोळ्यावर त्यांनी पुढची चार दशकं खाष्ट सासू म्हणून राज्य केलं, शेवटी रामायणातली मंथरा. आम्ही लहानपणी त्यांना घाबरायचो. आता वाटतं, पडद्यावर बाईनं एक तर गोड दिसावं नाही तर दुष्ट असावं, मधलं काही ठेवलंच नव्हतं या लोकांनी.

टवाळ_बंड्या

एक शंका. नायिकांना म्हातारं दाखवलं की तुम्हाला राग, तरुण दाखवलं की राग. मग दाखवायचं काय?

जाईजुई

४२ची असेल तर ४२ची दाखवा. एवढं अवघड आहे?

रंगभूषा_दादर

अवघडच आहे हो जाईताई. मी मालिकांना मेकअप करते, म्हणून लिहिते. वाहिनीचं नाव विचारू नका, पोटावर पाय येईल.

सासूचं काम करणारी मुलगी बऱ्याचदा सुनेपेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठी असते. आम्हाला सांगतात, 'आई वाटली पाहिजे, पण फ्रेश.' म्हणजे कानाजवळ स्प्रेनं दोन पांढरे पट्टे मारायचे, काठपदर नेसवायचा, टिकली मोठी करायची. चेहऱ्यावर मात्र एक रेघ दिसता कामा नये. मग बेसचे थर चढतात. स्मृती इराणींची 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधली तुलसी २००० साली सुरू झाली तेव्हा त्या २४च्या होत्या, संपली तेव्हा ३२च्या आणि तोवर मालिकेत नातवंडं झालेली. तो साचा आजही मोडलेला नाही.

याचा उलटा त्रास कुणाला, तर जी खरोखर पंचावन्नची आहे तिला. खरे पांढरे केस, खऱ्या सुरकुत्या. तिला ऑडिशनला 'आजी'त घालतात. आजीचं काम म्हणजे खुर्चीत बसून 'अगं बाई' म्हणायचं, तेही महिन्यातून चार दिवस. मग ती बिचारी माझ्याकडे येऊन विचारते, 'केस रंगवू का गं, आईत बसेन का?' पैशाचा प्रश्न आहे हा. दिसण्याचा नंतर.

सिनेमावेडी_७०

फार मोलाचा प्रतिसाद, रंगभूषा. धन्यवाद.

नीना गुप्तांनी २०१७ला हेच उघडपणे केलं होतं. 'मी मुंबईत राहते, चांगली नटी आहे, चांगलं काम शोधतेय' अशा अर्थाची पोस्ट टाकली. पन्नाशी उलटलेल्या बाईनं जाहीरपणे काम मागितलं! पुढच्या वर्षी 'बधाई हो' आला. त्यात घरात सून आणायच्या वयाची आई गरोदर राहते, आणि ते पोट, ती लाज, ती गंमत सगळं तिच्या वयाचंच आहे. ही भूमिका कुणा पस्तिशीतलीला पट्टे मारून दिली असती तर काय राहिलं असतं?

टोरांटोकर

हे फक्त आपल्याकडचं नाही. इथे कॅनडात लिसा लाफ्लाम नावाची बातमीदार होती, सीटीव्हीच्या रात्रीच्या मुख्य बातम्या तीच द्यायची. करोनाकाळात सलून बंद म्हणून केस रंगवणं सोडलं आणि पुढेही पांढऱ्या केसांनीच बातम्या दिल्या. ऑगस्ट २०२२मध्ये तिला काढलं. वय ५८, तिथे पस्तीस वर्षं काढलेली. कंपनीनं केसांचा संबंध नाकारला. पण तिच्या आधी त्याच खुर्चीत बसणारे लॉइड रॉबर्टसन ७७व्या वर्षी निवृत्त झाले होते, तेही समारंभानं. लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. एका साबणाच्या कंपनीनं तर लगेच आपल्या चिन्हाला पांढरे केस लावून जाहिरात केली. त्यांचं आपलं दुकान चालूच.

उत्तरा_सदाशिवपेठ

मी उलट्या बाजूनं लिहिते, शिव्या घाला हवं तर.

मी केस रंगवते. आवडतं म्हणून रंगवते. साठी जवळ आली आहे, नवरा हयात नाही, मुलगा लांब असतो. आरशात मला माझा ओळखीचा चेहरा दिसला की बरं वाटतं, त्यात कुणा पुरुषाचा, सिनेमाचा किंवा भांडवलशाहीचा हात शोधू नका. इतकी वर्षं सासूनं सांगितलं लिपस्टिक नको, आता पुतणी सांगते डाय नको, 'काकू, ओन युअर ग्रेज.' दोघींचा सूर मला सारखाच ऐकू येतो. न रंगवणाऱ्यांचाही एक तोरा असतो बरं का. आमच्या भिशीत आहे एक. चंदेरी बॉबकट, हातमागाची साडी, मोठं ऑक्सिडाइज्डचं डूल, आणि आमच्या डोक्यांकडे असं बघते जणू आम्ही परीक्षेत कॉपी केली.

कावेरी_एम

उत्तराताई, शिव्या कशाला, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यात चिकटवावासा वाटतोय. त्या चंदेरी बॉबकटबद्दलच बोलत होते मी. तो सांभाळायलाही दर महिन्याला चांगल्या सलूनमध्ये पैसे मोजावे लागतात, जांभळा शाम्पू वेगळाच. पांढरे केस 'ठेवलेले' दिसायला खर्च येतो. नुसते पांढरे झाले तर ते दुर्लक्ष.

फक्त एक. तुमच्यासारखी आवडीनं रंगवणारी आणि रंगभूषाताईंकडची 'आईत बसेन का' म्हणणारी, या दोघींचं रंगवणं मला एक वाटत नाही. दुसरीला निवड कुठे आहे?

त्वचा_एमडी

चर्चा वाचत होते. थोडी माहिती भर घालते, औषधांचा सल्ला मात्र इथे विचारू नका.

बोटॉक्स म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. ते स्नायूला मिळणारा इशारा तात्पुरता अडवतं, स्नायू आखडत नाही, म्हणून वरची घडी पडत नाही. परिणाम साधारण तीन-चार महिने. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ साली परवानगी मिळाली. फिलर वेगळं. त्यात बहुधा हायलुरॉनिक आम्ल असतं आणि ते खोलगट भाग भरून काढतं. नट्यांचे चेहरे 'काहीतरी वेगळे' वाटतात ते बरेचदा फिलर जास्त झाल्यामुळे. जे नीट झालेलं असतं ते तुम्हाला कळतच नाही, आणि त्यालाच तुम्ही 'किती नैसर्गिक राहिली आहे' म्हणता. माझ्या ओपीडीत असे नैसर्गिक चेहरे पुष्कळ येतात.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या काही वर्षांत त्वचेतलं कोलॅजन झपाट्यानं घटतं. 'एकदम म्हातारी दिसायला लागले' असं बायका म्हणतात ती कल्पना नसते. पुरुषांमध्ये ही घट सावकाश होते.

मला खरी काळजी सुयांची नाही. ती मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, स्टिरॉइड असलेल्या 'गोरं करणाऱ्या' मलमांची आहे. चार आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली येते, पुरळ, गालावर लव. मलम थांबवलं की आग होते म्हणून पुन्हा लावतात. गावाकडून येणाऱ्या मुली हे वर्षानुवर्षं लावत असतात. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं तरी गिऱ्हाईक मागतं ते गोरेपणच.

पार्लरवाली_प्रभा

डॉक्टर म्हणतात ते शंभर टक्के. माझं कराडजवळ पार्लर आहे. काळ्या मेंदीबद्दलही लिहा ना, लोकांना वाटतं मेंदीच आहे, काय होतंय.

बाकी आमच्याकडं झीनत अमान कुणी बघत नाही. आमच्याकडं येतात त्या लग्नाच्या आधी. मुलीचं लग्न ठरलं की आई पहिली येते. 'माझं फेशियल कर, केस कर, व्याहीण माझ्यापेक्षा लहान दिसते.' नवरीपेक्षा आईला जास्त टेन्शन. एक बाई दर पंधरा दिवसांनी मुळं रंगवायला यायच्या. नवऱ्याला हॉटेलात कुणीतरी विचारलं होतं, 'आईसाहेबांना काय देऊ?' नवरा घरी येऊन हसत हसत सांगत बसला. त्या नाही हसल्या.

लॉकडाउनमध्ये पार्लर बंद, तेव्हा सगळ्यांनी आपापली खरी डोकी बघितली. उघडल्यावर बऱ्याच पळत आल्या, काही आल्याच नाहीत. त्या काहींमध्ये शाळेतल्या बाई जास्त. त्यांना चालून जातं, पांढऱ्या केसांनी पोरं दबून राहतात.

त्वचा_एमडी

प्रभाताई, बरोबर. शुद्ध मेंदीनं केस नारिंगी-तांबूसच होतात, काळे होऊच शकत नाहीत. पाकिटावर 'काळी मेंदी' लिहिलं असेल तर आत बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं, डायमधलंच. काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते. कपाळ, कान, पापण्या सुजतात. वर्षानुवर्षं वापरूनही अचानक येऊ शकते. म्हणून कानामागे थोडंसं लावून ४८ तास थांबा आणि बघा. कुणीही थांबत नाही, हे मला माहीत आहे.

तासगावचा_बेदाणा

मी मिशीला तीच काळी मेंदी लावतो. आत्ता उठून पाकीट वाचलं. डॉक्टर, झोप उडवलीत.

मुक्ता_बेळगाव

'बाईपण भारी देवा'चा उल्लेख कसा नाही अजून? जून २०२३च्या शेवटी आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रोहिणीताई, वंदना गुप्ते, सुकन्या मोने आणि मंडळी. आम्ही अख्खं महिला मंडळ नऊवारी आणि गॉगल घालून गेलो होतो. कथा कुठे कुठे फार सोपी करून टाकली आहे, ते मान्य. पण चाळिशी-पन्नाशी-साठीच्या बायका फुगड्या घालताना दमतात, त्यांची कंबर धरते, आणि कॅमेरा तिथून पळ काढत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाई मध्येच म्हणाल्या, 'अय्या, हिला पण घाम येतो.'

'अग्निपथ'मधली ती आई तेहतीस वर्षांनी पोस्टरवर पहिली आली, हे कावेरीच्या यादीत घाला.

उत्तरा_सदाशिवपेठ

घाला घाला. आणि त्या पोस्टरवर कुणाचे केस रंगवलेले होते ते मोजू नका म्हणजे झालं.

जाईजुई

हसून हसून पुरेवाट!

धागा भरकटवते, माफ करा. प्रभाताई, मला विचारायचंच होतं. डाय सोडल्यापासून माझं डोकं दोन रंगांचं झालंय. वर बोटभर पांढरं, मग काळं, टोकाला लालसर. भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. बहिणीचा आग्रह आहे, 'तेवढ्यापुरतं रंगव.' एकदा रंगवलं की सगळं पहिल्यापासून, ना? काही मधला मार्ग?

पार्लरवाली_प्रभा

रंगवू नका, पहिल्यापासूनच करावं लागेल. डिसेंबरला वेळ आहे. आत्ता खांद्याच्या वर कापा, लालसर टोकं सगळी जातील. मधल्या काळ्यात बारीक बारीक बटा फिक्या करून घ्या, हायलाइट म्हणतात तसं, म्हणजे वरची पांढरी रेघ उठून दिसत नाही. ब्लीच असतं त्यात, म्हणून चांगल्या हातानं करून घ्या, घरी नको. लग्नात अंबाडा घालायचा असेल तर गंगावन पांढरंकाळं मिसळीचं मिळतं आता, पुण्यात तुळशीबागेत विचारा. आणि बहिणीला म्हणावं, तुझे रंगव.